एका रंगाची पिशवी आधी ठेवा

एका ताईंचा प्रश्न असा आहे: घरात दुकानांच्या पिशव्यांचा मोठा ढीग साठलाय, त्यातल्या काही आईच्या काळातल्या आहेत. त्यांचं डिझाइन आवडतं, पण नेमकं काय आवडतं ते सांगता येत नाही. सगळ्या ठेवायला जागा नाही. मग कोणत्या ठेवाव्यात, त्या किती जुन्या हे कसं ओळखावं, आणि पावसाळ्यात खराब होऊ नयेत म्हणून काय करावं?

मी स्क्रीन प्रिंटिंगच्या धंद्यात बरीच वर्षं काढली. पिशव्या छापल्या आणि छापता छापता जमवायलाही लागलो. त्यामुळे माझी नजर आधी छपाईवर जाते आणि मग डिझाइनवर. चित्रकलेच्या बाजूने आलेला माणूस कदाचित वेगळं सांगेल.

ढिगाचे आधी दोन भाग करा. एकीकडे सराफांच्या, मॉलमधल्या, रेशमी दोरीच्या, चकचकीत लॅमिनेशनच्या पिशव्या. दुसरीकडे मांजरपाटाच्या, पिवळ्या कापडाच्या, खाकी कागदाच्या, एक-दोन रंगांत छापलेल्या: किराणा-भुसार, कापड दुकान, मिठाईवाला, कृषी सेवा केंद्र, पतसंस्था, कुणाच्या तरी मुंजीत हातात आलेली. बहुतेक घरांत पहिला ढीग जपून ठेवतात आणि दुसऱ्यात कांदे-बटाटे भरतात. जागा कमी असेल तर मी याच्या नेमकं उलट करायला सांगेन.

याला कारण आहे. चार रंगांच्या ऑफसेटमध्ये, म्हणजे प्लेटवरून यंत्राने होणाऱ्या छपाईत, जवळपास काहीही उतरवता येतं. नवरीचा फोटो, हिऱ्याची चमक, सोनेरी छटा, सगळं. तिथे डिझायनरला काही सोडून द्यावं लागत नाही, आणि काय सोडलं हे दिसलं नाही की काय निवडलं हेही दिसत नाही. एका रंगाच्या कापडी पिशवीवर मात्र प्रत्येक रेघ कुणीतरी ठरवून ठेवलेली असते, कारण तिथे नुसती सजावट म्हणून एक रेघ जास्त टाकली तर ती छापताना फुटते. तुम्हाला ‘काहीतरी आवडतं’ असं जे वाटतं, ते बहुधा हेच असणार.

हे नीट दिसायचं तर छपाई कशी होते ते माहीत हवं. लाकडी किंवा लोखंडी चौकटीवर बारीक जाळी ताणतात. तिच्यावर प्रकाशाने कडक होणारं इमल्शन पसरून वाळवतात. वर काळ्या अक्षरांची पारदर्शक फिल्म ठेवून प्रकाश देतात. उजेड लागलेला भाग कडक होतो, अक्षरांखाली झाकलेला भाग पाण्याने धुऊन जातो. त्या मोकळ्या झालेल्या जाळीतून रबरी पट्टीने, म्हणजे स्क्वीजीने, रंग खाली ओढतात. प्रत्येक रंगाला वेगळी चौकट लागते, वेगळी फेरी लागते आणि मध्ये वाळवण लागतं. म्हणून दुसरा रंग म्हणजे सरळ जास्तीचा खर्च. दुकानदार शंभरदा विचार करतो आणि शेवटी बहुतेक वेळा म्हणतो, ‘एकाच रंगात करा.’

मांजरपाट हे जाडंभरडं, न धुतलेलं सुती कापड. ते रंग पितं. चौकटीवर रेघ बारीक असली तरी कापडावर ती पसरते किंवा धाग्यांच्या खाचेत तुटते. ‘ध’, ‘घ’, ‘भ’ यांची पोटं भरून येतात. अनुस्वार लठ्ठ होतो आणि खालच्या उकाराचं टोक बुजतं. चांगल्या आर्टिस्टला हे आधीच माहीत असतं. तो अक्षराची पोटं मुद्दाम मोठी ठेवतो, मात्रा थोडी दूर उचलतो, अनुस्वार हवा त्याहून लहान काढतो म्हणजे छापल्यावर तो बरोबर होतो. तेव्हा पिशवी हातात आली की दुकानाचं मोठं नाव सोडा आणि सगळ्यात लहान मजकूर वाचा. पत्ता, फोन, आणि पुण्याची पिशवी असेल तर ‘आमची कोठेही शाखा नाही’. ही ओळ स्वच्छ वाचता आली तर मोठं नाव चांगलं असणारच. ती ओळ चिखल झाली असेल तर वरच्या मोरावर कितीही मेहनत केलेली असो, काम कच्चं आहे.

दुसरी गोष्ट बघा ती कापडाच्या मूळ रंगाचा वापर. मरून रंगाचा एक भरीव पट्टा छापून त्यातली अक्षरं कोरी सोडली, की पिवळं कापडच अक्षराचा रंग होतं. एका रंगाच्या पैशांत दोन रंग मिळाले. धंद्यात याला रिव्हर्स म्हणतात. ते दिसतं सोपं, पण भरीव भागाचा रंग चारी बाजूंनी आत सरकून कोऱ्या अक्षरांना खातो, त्यामुळे अक्षर नेहमीपेक्षा जाड काढावं लागतं. ज्या पिशवीवर रिव्हर्समधला फोन नंबर सुद्धा वाचता येतो ती डोळे झाकून ठेवा.

दोन रंग असतील तर ते एकमेकांना कुठे भिडतात ते शोधा. दोन चौकटी प्रत्येक पिशवीवर अगदी त्याच जागी बसत नाहीत, केसभर सरकतातच. लाल कोयरी आणि तिच्याभोवती हिरवी कड असेल तर एका बाजूला कोरी फट आणि दुसऱ्या बाजूला काळपट चढ दिसेल. जाणता आर्टिस्ट दोन रंगांत पहिल्यापासूनच मोकळी जागा ठेवतो. मग छपाई थोडी सरकली तरी कुणाला कळत नाही, उलट ती मोकळी रेघ नक्षीचाच भाग वाटते. तुमच्याकडच्या लक्ष्मीच्या, कलशाच्या, नथीच्या पिशव्या काढून बघा. रंगांना रंग चिकटवलेले आहेत की सुटे ठेवलेले, यावरून काम कुणाच्या हातचं आहे याचा अंदाज येऊ लागतो.

आणखी एक सोपी खूण. छाप शिवणीच्या आत गेलेली असेल तर कापड आधी छापलं आणि नंतर शिवलं. छाप शिवणीपासून सगळीकडून लांब असेल, किंवा मध्येच शिवणीच्या जाडीमुळे रंगाचा उमाळा आलेला असेल, तर शिवलेली तयार पिशवी आणून तिच्यावर छापलं. पहिल्या पद्धतीत कडेपासून कडेपर्यंत नक्षी टाकता येते, पण त्यासाठी मोठी ऑर्डर लागते. लहान दुकानदार बोहरी आळीसारख्या घाऊक बाजारातून कोऱ्या पिशव्या घेतो आणि जवळच्या प्रिंटरकडे टाकतो. म्हणून लहान दुकानाच्या पिशवीवर छाप मधोमध चौकोनात बसलेली असते. त्या चौकोनात कोण काय करतो, यातच खरी गंमत आहे.

आता अक्षरं. माझ्या मते मराठी पिशवीचं अर्धं डिझाइन अक्षरांतच असतं, चित्र नंतर येतं. जुन्या पिशव्यांवरची नावं बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरने किंवा कमर्शियल आर्टिस्टने हाताने काढलेली असत. त्या काळात वर्तमानपत्रांत नाटकांच्या जाहिराती रोज दिसत. कमल शेडगे यांनी हाताने रेखाटलेली नाटकांची आणि नियतकालिकांची शीर्षकं लोकांच्या डोळ्यांत बसलेली होती. शब्दाचा अर्थ अक्षराच्या आकारातच दाखवायचा, ही सवय तिथून गावोगावच्या पेंटरांपर्यंत झिरपली असं मला पिशव्या बघून वाटतं. ‘शीतल’ नावाच्या दुकानाच्या शिरोरेषेवरून बर्फ ओघळतो, ‘ज्योती’च्या वेलांटीची ज्योत होते. कधी ते गोड जमतं, कधी अंगावर येतं. पण दोन ‘र’ सारखे नसतात, आणि ‘स्त्र’ किंवा ‘द्ध’ सारखं जोडाक्षर जागेप्रमाणे दाबलेलं किंवा ताणलेलं असतं. सारख्या अक्षरांची जोडी शोधायची ही युक्ती लक्षात ठेवा. दोन ‘क’ तंतोतंत एक असतील तर ते बहुधा कॉम्प्युटरवरचे, वेगळे असतील तर हातचे.

१९९० च्या दशकात डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवरची अक्षरजुळणी, आलं आणि पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी, सी-डॅकचं आयएसएम ही मराठी अक्षरांची सॉफ्टवेअर, त्यातले ‘सुरेख’, ‘योगेश’ असे फॉन्ट घरोघरच्या लग्नपत्रिकांबरोबर पिशव्यांवरही उतरले. त्या काळातल्या पिशव्या लोक हसण्यावारी नेतात. अक्षरांना सावली, त्याला बाहेरची कड, त्यात पुन्हा कमान. मी मात्र त्या ठेवायला सांगतो. नवीन हत्यार हातात आल्यावर माणूस त्याची सगळी बटणं दाबून बघतो, ते या पिशव्यांवर नोंदलं गेलंय. पुढे विंडोजबरोबर र. कृ. जोशी यांनी केलेला ‘मंगल’ सगळीकडे पोचला. तो पडद्यावर वाचण्यासाठी केलेला फॉन्ट आहे. कापडावर छापला की बिचारा उघडा पडतो, आणि दोष जोशींचा नसतो. गेल्या काही वर्षांत मुंबईच्या ‘एक टाइप’ नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्या गटाचा ‘बलू’ दिसतो. गोलमटोल, जाड, मोफत मिळणारा. जाड असल्यामुळे मांजरपाटावर तो चांगला तगतो.

इथे एक बारीक खूण सांगतो, कारण ती फारसं कुणी बघत नाही. मराठी वळणाचा ‘ल’ पाकळीचा असतो आणि ‘श’ देठाचा. हिंदी वळणात दोन्ही वेगळे. हाताने काढणाऱ्या मराठी पेंटरच्या पिशवीवर ही दोन अक्षरं आपसूक मराठी वळणाची येत. कॉम्प्युटरचे बरेच फॉन्ट हिंदी वळण गृहीत धरतात, म्हणून नंतरच्या पिशव्यांवर ‘लक्ष्मी’ आणि ‘शुभम’ हिंदी वळणाने छापलेले सापडतील. राज्य सरकारने २००९ मध्ये मराठी वर्णमालेचा आदेश काढून पाकळीचा ल आणि देठाचा श प्रमाण ठरवले, तरी पिशवीच्या प्रिंटरपर्यंत तो आदेश पोचला असं काही पिशव्यांवरून दिसत नाही. आणि हो, २०२२ पासून महाराष्ट्रात दुकानाच्या पाटीवर मराठी अक्षरं सक्तीची आहेत आणि ती इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. पिशवीला तो नियम नाही. त्यामुळे एकाच दुकानाची पाटी मराठीत आणि पिशवी इंग्रजीत अशी जोडी हल्ली सहज मिळते. पाटीचा फोटो आणि पिशवी शेजारी ठेवा, संग्रहाला वेगळंच वजन येतं.

इतकं सगळं सपाट टेबलावर झालं. पण पिशवी टेबलासाठी नसते. तिच्यात दोन-तीन किलो धान्य किंवा कपडे भरा, खुंटीला अडकवा आणि दहा पावलं मागे जा. खालचा भाग तळाशी वळून गेला, दोन्ही कडा मागे सरकल्या, वरचं तोंड बंदांनी चुरगळलं. उरला तो मधला भाग, फुगलेला. नाव त्यात बसतं का? पिशवीच्या अगदी तळाशी छापलेला पत्ता आता कुणाला दिसतो? रुंदभर पसरलेल्या नावाचं पहिलं आणि शेवटचं अक्षर वळणावर गेलं तर ‘महालक्ष्मी’चं ‘हालक्ष्’ होतं. कागदावर सुंदर दिसणाऱ्या कितीतरी पिशव्या या परीक्षेत आपटतात, आणि एखादी गावंढळ वाटणारी पिशवी उभी राहते.

हा प्रश्न सगळ्यात धीटपणे ज्याने सोडवला, ते उदाहरण जर्मनीतलं आहे. आल्डी नॉर्ड या स्वस्त किराणा साखळीसाठी ग्युंटर फ्रुटरुंक या चित्रकाराने १९७० मध्ये प्लास्टिक पिशवी केली. निळ्या-पांढऱ्या तिरक्या पट्ट्या, एवढंच. तो अमूर्त, भौमितिक चित्रं काढणारा माणूस, म्युनिकच्या कला अकादमीतला प्राध्यापक. पट्ट्या तिरक्या असल्यामुळे पिशवी कशीही भरा, चुरगळा, काखेत मारा, ती ओळखू येतेच. नाव वाचायची गरजच नाही. न्यूयॉर्कच्या ब्लूमिंगडेल्सने १९६१ मध्ये टॅरो पत्त्यांची चित्रं असलेली लाल-काळी-पांढरी पिशवी काढली आणि तिच्यावर दुकानाचं नावच टाकलं नाही. जपानच्या मित्सुकोशी या दुकानासाठी चित्रकार गेनिचिरो इनोकुमा यांनी १९५० मध्ये केलेली लाल खड्यांची नक्षी आवेष्टनाच्या कागदावर आजही आहे, आणि कागदाची घडी कुठेही पडली तरी एखादा खडा वर येतोच. तिघांनीही ओळखलं होतं की पिशवी किंवा पुडकं नेहमी अर्धवटच दिसणार. आपल्याकडे हे काम कापडाचा रंग करतो. तमिळनाडूची पिवळी पिशवी, मंजप्पै, लांबूनही कळते. तिथल्या सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये प्लास्टिकविरोधी मोहीम काढताना नेमकी तीच उचलली. कांजीवरम घ्यायला गेलेल्या नातेवाइकांकडून तुमच्याही घरी एखादी आलेली असेल.

याच धाग्यावर माझा सगळ्यात आवडता प्रकार सांगतो, तो म्हणजे खताच्या पोत्याची पिशवी. विणलेल्या प्लास्टिकचं रिकामं पोतं उसवून, कापून, गावातला शिंपी किंवा घरातलीच बाई त्याची बाजाराची पिशवी शिवते. कापताना छापलेलं नाव कुठेही तुटतं. ‘सुफला’चं नुसतं ‘फला’ उरतं, तेही उलटं, आणि १५:१५:१५ मधला एकच आकडा पिशवीभर मोठा होऊन बसतो. कुणीही डिझाइन केलेलं नाही, तरी इतकी धीट मांडणी मी कुठल्या एजन्सीकडून बघितलेली नाही. शिवणाऱ्या बाईने मात्र एक गोष्ट ठरवलेली असते: छापलेली बाजू बाहेर की आत. तिच्याशी बोला, ती त्याचं कारण सांगेल. आणि या पिशव्या आता जुन्या होत चालल्यात. ऑक्टोबर २०२२ पासून अनुदानित खतांना देशभर ‘भारत’ हे एकच नाव आलं, पोत्याचा बराचसा भाग सगळ्या कंपन्यांचा सारखाच झाला. आरसीएफ या खत कंपनीचा ‘उज्ज्वला’ युरिया, ‘सुफला’ अशी आपापल्या रंगाढंगाची जुनी पोती शेतकऱ्यांच्या गोठ्यात अजून सापडतात. मिळाली तर सोडू नका.

आता वय. पिशवीवर तारीख नसते, पण पत्त्याची ओळ बरंच बोलते. सहा आकडी पिनकोड असेल तर पिशवी १५ ऑगस्ट १९७२ नंतरची, कारण पिनकोड त्या दिवशी सुरू झाला. उलट मात्र खरं नाही. नुसतं ‘पुणे ३०’ किंवा ‘मुंबई २८’ दिसलं म्हणजे ती त्याआधीची, असं धरू नका. लोक पुढेही वर्षानुवर्षं शेवटचे दोनच आकडे लिहीत राहिले. स्थिर फोनच्या क्रमांकापुढे २००२ च्या सुमारास २ हा आकडा लागला. मुंबईचा सात आकडी नंबर असेल तर त्याआधीचा, आठ आकडी असेल तर नंतरचा. मोबाइल नंबर असेल तर १९९५ नंतरची हे उघडच आहे, आणि लहान गावातली असेल तर त्याहून बरीच अलीकडची. सेलच्या पिशवीवर रुपयाचं ₹ हे चिन्ह असेल तर २०१० च्या मध्यानंतरची. यूपीआयचा कोड छापलेला असेल तर २०१६ नंतरची. ‘बॉम्बे’ची ‘मुंबई’ १९९५ मध्ये झाली, पण ही खूण फक्त इंग्रजी पिशव्यांवर कामाची. मराठीत ती आधीपासून मुंबईच होती.

पिशवीत जुनं बिल राहिलेलं असेल तर ते फेकू नका. त्यावर तारीख असतेच, आणि तारीख पुसली असली तरी व्हॅटचा नंबर म्हणजे एप्रिल २००५ नंतरचं, जीएसटीचा म्हणजे जुलै २०१७ नंतरचं. बिल पिशवीच्या वयाचा पुरावा होत नाही, कारण दुकानदार जुना साठा वर्षं वर्षं वापरतो. पण ती पिशवी तेव्हा वापरात होती हे नक्की होतं. दोन खुणा जमल्या की वरची आणि खालची मर्यादा मिळते. त्यापेक्षा जास्त नेमकं लिहायचा हट्ट करू नका.

कागदी पिशव्यांसाठी दहापट दाखवणारं भिंग घ्या. घड्याळजी डोळ्याला लावतात तसलं. खाकी कागदावर अक्षराच्या कडेला गडद कंगोरा दिसला, जणू रंग दाबून बाहेर सरकलाय, तर ती फ्लेक्सो, म्हणजे लवचिक ठशाची छपाई. बारीक ठिपक्यांची स्वच्छ जाळी आणि सपाट रंग म्हणजे ऑफसेट. रंग बोटाला उंच लागतो आणि वळणावर जाळीच्या पायऱ्या दिसतात ती स्क्रीन. प्लास्टिकवर अक्षराची कड करवतीसारखी असेल तर ग्रॅव्ह्युअर, म्हणजे कोरलेल्या रुळाची छपाई. बाजारात ज्या पिशवीला सर्रास कापडी म्हणतात आणि जी पिशवी शिवलेली नसून दाबून चिकटवलेली असते, तिच्यावर भिंगातून चौकोनी किंवा ठिपक्यांची दाबलेली नक्षी दिसते. ती नॉन-वोव्हन, म्हणजे प्लास्टिकच. तिचा धागा विणलेला नसतो. ६० जीएसएमपेक्षा, म्हणजे चौरस मीटरला ६० ग्रॅमपेक्षा, हलक्या नॉन-वोव्हन पिशव्यांवर सप्टेंबर २०२१ पासून देशभर बंदी आहे, त्यामुळे जाळीसारखी पारदर्शक पातळ पिशवी असेल तर ती त्याआधीची असण्याची शक्यता जास्त. छपाई म्हणून मला त्यांत फारसा रस नाही. रंग वरवर बसतो आणि घडीवर सोलतो.

प्लास्टिकच्या पिशव्यांबद्दल थोडक्यात. त्यांना कमी लेखू नका. आज सगळीकडे दिसणारी, बनियनच्या आकाराची पिशवी स्वीडनमधल्या सेलोप्लास्ट कंपनीत स्टेन गुस्ताफ थुलिन यांनी तयार केली, तिचं पेटंट १९६५ चं. २०११ च्या नियमांनंतर पिशवीवर उत्पादकाचं नाव, नोंदणी क्रमांक आणि जाडी छापणं बंधनकारक झालं. म्हणजे कोपऱ्यातला मायक्रॉनमधला (मिलिमीटरच्या हजाराव्या भागातला) जाडीचा आकडा वयाचा माग देतो. किमान जाडी २०११ मध्ये ४० मायक्रॉन होती, २०१६ मध्ये ५० झाली, सप्टेंबर २०२१ अखेर ७५ आणि डिसेंबर २०२२ अखेर १२०. महाराष्ट्रात तर मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लास्टिक पिशव्यांवरच बंदी आली. म्हणून संग्रहातली पिशवी दाखवायला म्हणून भाजीला घेऊन जाऊ नका, पहिल्याच वेळी ५,००० रुपये दंड आहे.

जपणुकीत सगळ्यात आधी त्रास देणार त्या याच. काही जुन्या प्लास्टिक पिशव्यांत लवकर विघटन व्हावं म्हणून रसायनं मिसळलेली असत. अशी पिशवी अंधाऱ्या कपाटात ठेवली तरी काही वर्षांत ठिसूळ होते आणि घडी उलगडताना तिचा चुरा होतो. तिला थांबवता येत नाही. आजच दोन्ही बाजूंनी स्कॅन करा, ३०० डीपीआयला, शेजारी पट्टी ठेवून. तीच सवय बाकीच्या पिशव्यांनाही लावा. जाड, मऊ, चिकट वाटणाऱ्या पीव्हीसी पिशव्या वेगळ्या ठेवा. त्या शेजारच्या पिशवीची शाई ओढून घेतात.

कापडी पिशव्या तुलनेने सोशिक. पण कोऱ्या मांजरपाटात खळ असते आणि खळ म्हणजे कसरीचं जेवण. ठेवण्याआधी छापेच्या आतल्या कोपऱ्यावर ओला पांढरा रुमाल दाबून बघा. रंग लागला नाही तर थंड पाण्यात हलक्या हाताने धुवा, सावलीत वाळवा, पुन्हा खळ घालू नका. रंग लागला तर फक्त झटकून ठेवा. इस्त्री उलट्या बाजूने, मध्ये सुती कापड घालून. रबरासारखा जाड रंग असेल तर त्यावर गरम इस्त्री अजिबात नाही, तो वितळून इस्त्रीला येतो. कागदी पिशव्यांना पहिल्या घडीवरच घडी घाला, नवीन घडी म्हणजे नवीन भेग. वर्तमानपत्रात गुंडाळू नका. आम्ल नसलेला पांढरा कागद कलासाहित्याच्या दुकानात मिळतो, तो मध्ये घाला. रबरबँड, स्टेपलर, सेलोटेप या तिघांना कपाटाबाहेर ठेवा. डांबरगोळ्या कापडाबरोबर चालतील, प्लास्टिकजवळ नकोत. जून ते सप्टेंबर, विशेषतः तुम्ही कोकणात किंवा मुंबईत असाल तर, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, आत सिलिका जेल ठेवा आणि ऊन पडलं की दार उघडं टाका. पिशव्या उन्हात टाकू नका, रंग उडतो.

आता जागेचा प्रश्न. सगळ्या ठेवायच्या नसतील तर एखादी कड आखून घ्या. एका गावाच्या, किंवा एकाच धंद्याच्या, किंवा फक्त लग्नमुंजीतल्या. सगळीकडच्या थोड्या थोड्या जमवल्या तर त्यांच्यात बोलणं होत नाही. एकाच रस्त्यावरच्या दहा कापड दुकानांच्या ठेवल्या तर कोण कुणाचा प्रिंटर, कुणी कुणाची कमान उचलली, हे उघडं पडतं. मोसमी पिशव्या विसरू नका. नगरसेवकांच्या दिवाळी फराळाच्या, २०२२ पासून रेशन दुकानांतून आलेल्या ‘आनंदाचा शिधा’च्या, बँकांच्या वर्धापनदिनाच्या. त्यांचं डिझाइन बहुतेक वेळा वाईट असतं, चेहरे जास्त आणि जागा कमी. तरी दोन-चार ठेवा, नाहीतर चांगल्याची उंची कळणार नाही.

प्रत्येक पिशवीला कापडाच्या चिंधीवर किंवा कागदाच्या चिठ्ठीवर लिहून ठेवा: कुठून आली, कुणाकडून, साधारण केव्हा, आत काय होतं. चिठ्ठी आत सुटी ठेवा, चिकटवू नका. आईच्या काळातल्या पिशव्यांबद्दल आईला आत्ताच विचारा. कुठल्या खरेदीची, दुकान कुठल्या चौकात होतं, आता तिथे काय आहे. पैशांच्या दृष्टीने या संग्रहाला आपल्याकडे बाजार नाही, त्यामुळे विकत घेण्याच्या फंदात पडू नका. मागितलं की मिळतं. दुकानदाराला ‘तुमची जुन्या छापाची आहे का?’ एवढं विचारा, नवल वाटून तो माळ्यावर चढतो. प्रिंटरकडे गेलात तर रद्द झालेले, रंग सरकलेले, उलटे छापलेले नमुने मागा. दुकानात कधीच न पोचलेल्या त्या पिशव्यांवर चौकटी कशा बसतात ते सगळ्यात स्पष्ट दिसतं.

सुरुवात कुठून करायची हे ठरत नसेल तर अहिल्यानगर, धाराशिव किंवा छत्रपती संभाजीनगरला जायचा योग येतोय का बघा. औरंगाबाद आणि उस्मानाबादची नावं २०२३ मध्ये बदलली, अहमदनगरचं २०२४ मध्ये. तिथल्या कापड दुकानांत आणि मिठाईवाल्यांकडे जुन्या नावाचा साठा अजून शिल्लक असतो आणि काही ठिकाणी जुन्या नावावर नव्या नावाचा चिकटपट्टा लावलेला असतो. चिकटपट्टा असेल तर तो काढू नका, तसाच ठेवा. जमलं तर प्रत्येकी दोन मागा, एक भरून खुंटीला लावून बघायला आणि एक सपाट ठेवायला.